पत्ता नाही म्हणून घर नाही: बर्लिनमधल्या एका मराठी कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब तिघांचं. ती क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करते, तो कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायचा, आणि साडेतीन वर्षांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून नावं, कंपनी आणि काही तपशील गाळले आहेत. पगार-भाड्याचे आकडे जवळपासचे आहेत.

बर्लिनमधल्या एका कंपनीने तिला वर्षाला ७२,००० युरोची नोकरी देऊ केली. २०२४ मध्ये ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यासाठी, किमान पगाराची सर्वसाधारण अट ४५,३०० युरो होती, त्यामुळे व्हिसाचं काम फारसं अडलं नाही. ब्लू कार्डवर आलेल्याच्या जोडीदाराला आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे आल्यावर नोकरी करायची मुभाही असते. तिघांचे व्हिसा बरोबरच आले. ठरलं असं, की तिने १ सप्टेंबरला रुजू व्हायचं आणि त्याने नोटीस पिरियड संपवून, मुलीला घेऊन नोव्हेंबरच्या अखेरीस यायचं. बायको पुढे आणि नवरा मागून, यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी जे काही ऐकवायचं ते ऐकवलं. त्यात शिरत नाही.

आरोग्य विम्याचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला आणि लगेच सुटला. त्या वर्षी ६९,३०० युरोंच्या वर पगार असेल तर सरकारी योजनेऐवजी खाजगी विमा घेता येत होता. एका एजंटने तिला खाजगीचा स्वस्त हप्ता दाखवलाही. पण खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. सरकारी योजनेत न कमावणारा जोडीदार आणि मूल यांचा विमा तिच्याच हप्त्यात बसतो. शिवाय एकदा खाजगीत गेलं की परतीची वाट अरुंद. तिने सरकारी योजना घेतली. मोठा निर्णय होता, पण आकडेमोड उघड होती.

अडचण आली घराची.

अडचण

निघण्यापूर्वी तिने ऑनलाइन एक फर्निश्ड वन-रूम घेतली. भाडं १,२५० युरो, ऑफिसला थेट ट्राम. मालकाने मेसेजमध्येच लिहिलं होतं की या पत्त्यावर अनमेल्डुंग होणार नाही. अनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, एवढं तिला माहीत होतं. 'दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, नंतर घर मिळालं की करू,' असं म्हणून तिने पैसे भरले.

कायद्याने घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो, २०१५ च्या नोव्हेंबरपासून तो सक्तीचा आहे. पण खरी मेख त्या मुदतीत नव्हती. नोंदणी झाली की अकरा आकडी टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो नंबर नसल्यामुळे कंपनीच्या पेरोलने तिला सहाव्या टॅक्स क्लासमध्ये टाकलं. पगारातून दरमहा किती कर कापायचा, ते या क्लासवर ठरतं. हा क्लास एरवी दुसऱ्या नोकरीच्या पगाराला लागतो. त्यात करमुक्त उत्पन्नाची वजावट धरतच नाहीत.

सप्टेंबरअखेरीस पहिली सॅलरी स्लिप आली. महिन्याच्या ६,००० युरोंपैकी हातात आले जेमतेम ३,१००. नेहमीच्या पहिल्या क्लासमध्ये हेच ३,७०० च्या आसपास असते. ती फारशी घाबरली नाही. जास्त कापलेला कर पुढे परत मिळतो, हे तिने वाचलं होतं आणि ते खरंच आहे.

तोवर ती घरांसाठी अर्ज करतच होती. बर्लिनमध्ये अर्जासोबत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, शूफा या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा पतदाखला आणि आधीच्या घरमालकाचं 'भाडं थकलेलं नाही' असं पत्र मागतात. शूफामध्ये नवख्या माणसाचा इतिहासच नसतो. आधीचा मालक कागदावर यायला तयार नव्हता. उरली सॅलरी स्लिप, आणि भाडं देणाऱ्या बहुतेकांचा हिशेब एकच: सगळे खर्च धरून जे भाडं, त्याच्या तिप्पट रक्कम हातात यायला हवी. तिघांना पुरेल असं घर १,३०० ते १,४०० युरोंना होतं. ३,१०० च्या स्लिपवर तिला परवडणारं भाडं ठरत होतं हजारच्या आसपास. म्हणजे ७२,००० पगाराची बाई कागदावर एका खोलीच्या लायकीची ठरत होती.

घर नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून सहावा क्लास, आणि सहावा क्लास म्हणून घर नाही. अर्जांना उत्तरंच येत नव्हती, त्यामुळे नक्की कुठे अडतंय तेही कळत नव्हतं. हा फेरा तिच्या लक्षात आला तो ऑक्टोबरमध्ये, एका एजंटने फोनवर स्पष्ट सांगितल्यावर: "तुमचा ग्रॉस उत्तम आहे, पण आम्ही नेट बघतो."

त्याची आणि मुलीची तिकिटं तोवर काढून झाली होती. रेसिडेन्स परमिट, मुलीच्या किटाचं (बालवाडी-पाळणाघराचं) सरकारी व्हाउचर, सगळ्याच्या मुळाशी पुन्हा तोच पत्ता.

समोर असलेले पर्याय

याच टप्प्यावर तिने मला फोन केला. इथल्या मराठी मंडळींना कागदपत्रांत मदत करताना ही गुंतागुंत मी वेगवेगळ्या रूपांत पाहिली आहे. आम्ही बसून चार वाटा मांडल्या.

पहिली, आहे त्या मालकाला धरणं. राहायला दिलं असेल तर मालकाने तो सहीचा कागद द्यायलाच हवा, असा कायदा आहे. त्याने नकार दिला तर भाडेकरूने नोंदणी कार्यालयाला तसं कळवायचं असतं. कायदा तिच्या बाजूने होता, पण घराची किल्ली त्याच्याकडे. तो स्वतःच कुणाचा तरी भाडेकरू असावा आणि परवानगीशिवाय पोटभाड्याने देत असावा, असा आमचा अंदाज होता. वाद घातला असता तर परक्या शहरात आठवडाभरात बाहेर पडायची वेळ आली असती.

दुसरी वाट एका परिचितांनी सुचवली. अगदी मनापासून. "अगं, एवढं काय डोक्याला लावून घेतेस? माझ्या पत्त्यावर टाक नाव. दोन महिन्यांनी काढून टाकू. सगळेच करतात." असं करणारे आहेत, हे खरं. पण जिथे राहत नाही तिथली नोंदणी बेकायदा आहे, आणि आपला पत्ता असा वापरू देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे मोठा धोका मदत करणाऱ्या दादांनाच होता, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. नाही म्हणणं तिला जड गेलं. परक्या देशात आपलं माणूस हात पुढे करतं तेव्हा तो झिडकारल्यासारखं वाटतं. तिने त्यांना दंडाचा आकडा सांगितला, तेव्हा विषय आपोआप मिटला.

तिसरी, नोंदणी करू देणारं सर्व्हिस अपार्टमेंट. दीड खोली, १,९५० युरो. आधीच हातात कमी येत असताना महिन्याला आणखी ७०० घालवायचे. तिच्या पोटात गोळा आला तो इथे.

चौथी वाट फोनवर त्याने मांडली: आम्ही फेब्रुवारी-मार्चपर्यंत इकडेच थांबतो, तू एकटी स्वस्तात राहा, घर मिळालं की येऊ. दोघांनाही हा पर्याय सर्वांत शहाणपणाचा वाटत होता. मला तो सर्वांत महाग वाटत होता.

त्याचं कारण कराच्या नियमांत आहे. नवरा-बायकोपैकी एक जण भारतात असेल तोवर तिला पहिलाच क्लास मिळणार. दोघंही इथे राहायला आले की चौथा क्लास लागतो, आणि अर्ज करून कमावणाऱ्याला तिसरा घेता येतो. तिसऱ्यात तिच्या हातात साधारण ४,१५० युरो आले असते. त्याचा तिसरा हिस्सा होतो जवळपास १,४००, म्हणजे नेमकं तिघांच्या घराचं भाडं. कुटुंब येईपर्यंत थांबून घर घ्यायचं नव्हतं, कुटुंब आल्यानेच घर मिळण्याची शक्यता वाढणार होती. शिवाय तो ३१ डिसेंबरच्या आत येऊन राहू लागला तर त्या अख्ख्या वर्षाचं रिटर्न दोघांना एकत्र भरता येणार होतं. त्याच्या भारतातल्या पगारावर इथे कर लागत नाही, पण कराचा दर ठरवताना तो धरतात. तेवढं धरूनही फायदाच होता.

काय केलं

ऑक्टोबरच्या मध्यावर ती सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये गेली. आधीच्या मालकाने डिपॉझिटचे काही पैसे साफसफाईच्या नावाखाली कापले, तिने वाद घातला नाही. मालकाच्या सहीचा कागद नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी मिळाला. नोंदणी कार्यालयाची वेळ मात्र तिच्या भागात मिळेना. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही कार्यालयात नोंदणी चालते, हे कळल्यावर तिने रोज सकाळी लॅपटॉप उघडून सगळ्या भागांतल्या रद्द झालेल्या वेळा बघायला सुरुवात केली. शेवटी पार श्पांडाऊला मिळाली. जायला तासभर लागला, काम दहा मिनिटांत झालं.

मग टॅक्स नंबरच्या पत्राची वाट. इथे एक बारीक गोष्ट अडवू शकली असती. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. तिच्या पेटीवर अपार्टमेंट चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. पासपोर्टवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी लांबलचक ओळ. नोंदणी झाल्याच्या संध्याकाळी तिने आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून, वर सेलोटेप लावून ते पेटीवर चिकटवलं. दोन दिवसांनी सफाईवाल्याने ते काढून टाकलं. मग ती केअरटेकरला भेटली, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलली आणि त्याने रीतसर छापील पट्टी लावून दिली. नोव्हेंबरच्या मध्यावर पत्र आलं.

नोव्हेंबरच्या स्लिपमध्ये पहिला क्लास लागला आणि मागच्या दोन महिन्यांचा जास्तीचा कर वळता झाला. महिनाअखेरीस तो आणि मुलगी पोहोचले. डिसेंबरमध्ये त्यांची नोंदणी झाली. लगेच क्लास बदलण्याचा अर्ज केला, जानेवारीपासून तिसरा लागू झाला. जानेवारीची स्लिप हाती येईपर्यंत तिने घरासाठी एकही अर्ज केला नाही. हा तिचा स्वतःचा निर्णय, आणि मला तो फार आवडला. रोज दहा ठिकाणी अर्ज टाकून मनस्ताप करून घेण्यापेक्षा कागद भक्कम होईपर्यंत थांबायचं, आणि मग पूर्ण संच एका पीडीएफमध्ये पाठवायचा.

दरम्यान रेडिओ-टीव्हीच्या शुल्काची पत्रं दोघांच्या नावाने वेगवेगळी आली. हे शुल्क घरटी एकच असतं, महिन्याला १८.३६ युरो. दुसऱ्या पत्राला 'याच घरातून भरलं जातं' एवढं कळवायचं असतं. नवी मंडळी एकतर दोनदा भरतात किंवा जाहिरात समजून फेकून देतात. त्यांनी कळवलं.

निष्पत्ती

फेब्रुवारीत घर मिळालं. शहराच्या पूर्वेकडे, दोन खोल्या आणि हॉल, सगळे खर्च धरून १,३६० युरो. १ एप्रिलपासून करार. मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंतचं डिपॉझिट तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला असतो. त्यांनी तो वापरला, मालकाने कुरकुर केली नाही.

मुलीच्या किटाचं व्हाउचर जानेवारीतच मागून ठेवलं होतं. जर्मनीत मूल एक वर्षाचं झालं की किटाच्या जागेचा कायदेशीर हक्क मिळतो, बर्लिनमध्ये फीही नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो भरायचे. पण हक्क असणं आणि जवळच्या किटात जागा असणं या वेगळ्या गोष्टी. घर आधी ठरवलं आणि किटा नंतर शोधलं, त्यामुळे जागा मिळाली ती मे महिन्यात. सुरुवातीचे काही आठवडे पालकाने सोबत बसायचं असतं: पहिले दिवस तासभर, मग दाराबाहेर, मग अर्धा दिवस सोडून. हे काम त्याने केलं. छोट्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसलेला हा माणूस तिथल्या पोरांच्या तोंडून जेवढं जर्मन शिकला, तेवढं क्लासमध्ये शिकला नसेल, असं ती म्हणते.

त्याचं स्वतःचं गाडं मात्र हळू चाललंय. शिक्षकी पेशाची मान्यता इथे राज्यागणिक ठरते आणि शिक्षकाला सहसा दोन विषय शिकवता यावे लागतात. त्याच्याकडे फिजिक्समधली एमएस्सी आणि बीएड. आल्या आल्या गोदामात पूर्णवेळ काम धरावं, असं त्याच्या मनात होतं. रिकामं बसणं त्याला सोसत नव्हतं. पण तिला तिसरा क्लास म्हणजे त्याच्या पगाराला पाचवा, म्हणजे कर जास्त. आणि भाषा मागे पडणार ती वेगळीच. शेवटी त्याने इंटिग्रेशन कोर्स धरला, ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथल्या व्यवस्थेची ओळख. शनिवारी एका शिकवणी केंद्रात मिनिजॉब, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कमाईची छोटी नोकरी. त्यात २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोंपर्यंत कमावता येत होतं, क्लासची भानगड न होता आणि तिच्या विम्यातलं नाव न जाता.

सर्व्हिस अपार्टमेंटपायी साडेपाच महिन्यांत साधारण ३,८०० युरो जास्त गेले. २०२४ चं एकत्र रिटर्न भरल्यावर अडीच हजारांच्या वर परत आले. हे पैसे तसेही आलेच असते, त्यामुळे 'खर्च निघाला' म्हणणं बरोबर नाही. ते दोघं मात्र तसंच म्हणतात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट निघण्याआधीची. 'नोंदणी होणार नाही' हा मेसेज वाचून घर घेतलं, तिथेच पुढचे सगळे प्रश्न सुरू झाले. पहिले तीन महिने नोंदणी होणाऱ्या जागेवर जास्त पैसे घालवायची तयारी ठेवली असती तर सप्टेंबरअखेरीस टॅक्स नंबर हातात असता. १,२५० विरुद्ध १,९५० ही तुलना करताना तिने फक्त भाडं पाहिलं. महिन्याला अडकणारे सहाशे युरो आणि वाया गेलेले अर्ज त्यात धरले नाहीत.

दुसरी गोष्ट कंपनीच्या एचआरची. कर्मचाऱ्याचा दोष नसताना टॅक्स नंबर मिळाला नसेल, तर तीन महिन्यांपर्यंत अपेक्षित क्लास धरून कर कापण्याची मुभा कंपनीला कायदा देतो. पहिली स्लिप आल्या दिवशी तिने पेरोलला ईमेल करून हे विचारायला हवं होतं. तिच्या बाबतीत 'दोष नाही' हे सांगणं थोडं अवघड होतं, कारण नोंदणी न होणारं घर तिनेच निवडलं होतं. पण विचारायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडून नव्या नोकरीत पहिल्या महिन्यात पगाराबद्दल प्रश्न विचारणं होत नाही. तिच्याकडूनही झालं नाही.

तिसरी गोष्ट क्लास बदलण्याच्या अर्जाची. त्याच वर्षासाठी बदल हवा असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत अर्ज जावा लागतो. तो आणि मुलगी आठवडा-दोन आठवडे आधी आले असते आणि नोंदणीची वेळ आधीच घेऊन ठेवली असती, तर डिसेंबरची स्लिपच तिसऱ्या क्लासची झाली असती आणि घराचे अर्ज महिनाभर आधी सुरू झाले असते. तिकिटं काढताना दोघांनी भाडं स्वस्त कधी आहे तेवढं पाहिलं. तेव्हा आणखी काही पाहण्याचं त्यांना कारणही नव्हतं.

किटाबद्दल आम्हा तिघांचं एकमत नाही. माझं म्हणणं, घर बघतानाच आसपासच्या किटांना ईमेल टाकायला हवे होते, मुलगी महिनाभर आधी तिथे रुळली असती. तिचं म्हणणं, घर हातात नसताना किटावाले दारातही उभं करत नाहीत. आणि त्याचं म्हणणं असं, की तो एप्रिल महिना मुलीबरोबर घरात काढला म्हणून नवं घर तिला आपलं वाटलं, त्यामुळे या यादीत ही बाब घालूच नये. मी घातली आहे.